आगंतुक भुंगेरा आणि ओलावलेली कोठारे

धान्यातील कीड मारण्यासाठी आपण औषधे शोधली. पण जी कीड केवळ बुरशीवर जगते, ती दिसू लागली तर मारायचे कोणाला? दमट साठ्यात अवतरणारे हे इवलेसे भुंगेरे प्रत्यक्षात आपल्या अन्नसाठवणुकीच्या व्यवस्थेतील एका जुन्या दुखण्याकडे बोट दाखवीत आहेत.

पावसाळा मध्यावर आला, की शहरातील स्वयंपाकघरांत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. रव्याच्या अथवा डाळीच्या डब्याचे झाकण काढावे, तर काठावर तांबूस-तपकिरी रंगाचे किडे लगबगीने फिरताना दिसतात. ‘सोंडे झाले’ असे म्हणून घरातील मंडळी धान्य चाळतात, निवडतात आणि ऊन पडेल त्या दिवसाची वाट पाहतात. बहुतेक वेळा हे निदान बरोबरही असते. मात्र डब्यातून कुबट वास येत असेल, धान्याचे गोळे झाले असतील आणि किड्याला सोंड दिसत नसेल, तर प्रकरण वेगळे असते. तेव्हा डब्यात आलेला पाहुणा धान्य खायला आलेला नसतो. तो धान्यावर धरलेली बुरशी खायला आलेला असतो.

हा फरक वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण घरातील डब्यापासून सरकारी गोदामापर्यंत अन्न सुरक्षित ठेवण्याचा जो खटाटोप चालतो, त्याचे यशापयश याच फरकात दडलेले आहे.

बुरशीवर पोसणारी जमात

साठवणीच्या धान्यातील किडींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग धड दाण्यावर हल्ला करणारा. सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडी घालतो. खपरा भुंगेऱ्याच्या अळ्या दाण्याचा अंकुर आधी फस्त करतात. दुसरा वर्ग फुटलेल्या दाण्यांवर, पिठावर आणि इतरांनी केलेल्या घाणीवर गुजराण करणारा. याच दुसऱ्या वर्गाच्या तळाशी बुरशी खाणारे भुंगेरे येतात. इंग्रजीत ‘फॉरेन ग्रेन बीटल’ म्हणून ओळखला जाणारा अहास्वेरस अ‍ॅडव्हेना हा त्यांतील ठळक प्रतिनिधी. लांबी जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर, डोक्यामागील भागाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर बारीक गाठी आणि काचेच्या उभ्या बरणीवरही सहज चढून जाण्याची हातोटी ही त्याची लक्षणे. ‘अ‍ॅडव्हेना’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी परका, आगंतुक असा आहे. त्याच्या जोडीला अंगभर लव असलेला टायफिया स्टरकोरिया आणि एक-दोन मिलिमीटरचे, ओल्या गिलाव्यावरही आढळणारे लॅट्रिडिडी कुळातील भुंगेरे असतात.

या साऱ्यांचे एक वैशिष्ट्य समान आहे. स्वच्छ आणि कोरड्या धान्यात त्यांचा निभाव लागत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या खाली गेली, की अहास्वेरसची वाढ खुंटते. उलट उबदार आणि दमट जागी अंड्यापासून प्रौढ भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजेच हा किडा जेथे मोठ्या संख्येने दिसतो, तेथे ओल आणि बुरशी आधीपासून मुक्कामाला आहे, हे निश्चित समजावे. अंगाला चिकटलेले बुरशीचे बीजाणू एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात पोहोचवण्याचे कामही तो करतो, हा वेगळा भाग. परंतु मुख्य गुन्हेगार तो नव्हे. तो साक्षीदार आहे.

नव्याने बांधलेल्या इमारतींत राहायला गेलेल्या कुटुंबांना कधीकधी धान्य नसलेल्या खोलीतही असे बारीक भुंगेरे भिंतीवर आढळतात. ओला गिलावा आणि नीट न वाळलेले लाकूड यांवर धरलेली सूक्ष्म बुरशी त्यांना पुरेशी होते. भिंत वाळली, की ते दिसेनासे होतात. कोठल्याही फवाऱ्याविना हा प्रश्न सुटतो, यातच त्याचे मर्म आहे.

दोन टक्क्यांचे अंतर

धान्य हे निर्जीव नसते. दाणा श्वसन करतो आणि भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीत असतो. गव्हात किंवा तांदळात १२ टक्के ओलावा असेल, तर दाण्यांमधल्या फटींतील हवा बुरशीला पुरेशी दमट होत नाही. हेच प्रमाण १४ टक्क्यांच्या पुढे सरकले, की त्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचते आणि साठवणीतील बुरशींना जणू दार उघडते. सुरक्षित आणि असुरक्षित धान्यातले अंतर असे अवघे दोन टक्क्यांचे आहे. डोळ्यांना ते दिसत नाही. जुने शेतकरी दाणा दाताखाली धरून तो ‘कडकन्’ तुटतो की दबतो यावरून ते ओळखत असत. आज बाजार समितीत आर्द्रतामापक यंत्र तेच काम करते.

एकदा हे अंतर ओलांडले, की पुढचा क्रम आपोआप सुरू होतो. बुरशी आणि किडे यांच्या श्वसनातून उष्णता व पाण्याची वाफ बाहेर पडते. थप्पीच्या गाभ्यात तापलेले कप्पे तयार होतात. तेथील वाफ वर सरकते आणि थंड पृष्ठभागाला भिडून दवासारखी साचते. मग वरचे थर ओले होतात, तेथे नवी बुरशी धरते आणि ती खायला नवे भुंगेरे येतात. बाहेरून एक थेंबही पाणी न शिरता साठा आतून भिजतो, तो असा.

यावरचा रूढ उपाय म्हणजे धुरी. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून थप्पीवर हवाबंद आच्छादन घालायचे आणि फॉस्फिन वायूने कीड मारायची. ही पद्धत नीट वापरली तर परिणामकारक आहे, यात शंका नाही. परंतु फॉस्फिन किड्याला मारतो. तो धान्यातील ओल शोषून घेत नाही की बुरशीने तयार केलेले विषही नाहीसे करीत नाही. धुरीनंतर साठा ‘कीडमुक्त’ ठरतो. त्यात भुंगेरे नसतात. पण ज्या कारणाने ते आले होते, ते कारण तसेच राहते. आग लागली म्हणून ओरडणाऱ्याचे तोंड दाबल्याने आग विझत नाही.

यात आणखी एक गफलत संभवते. धान्याचा कीडग्रस्तपणा ठरवताना भोके पडलेल्या दाण्यांची टक्केवारी हा एक प्रमुख निकष असतो. बुरशी खाणारे भुंगेरे दाण्याला भोक पाडीत नाहीत. त्यामुळे किडक्या दाण्यांचा आकडा कमी आणि तरीही साठा मात्र धोक्याचा, अशी विचित्र स्थिती उद्भवू शकते. रंग बदललेल्या व खराब दाण्यांची मोजणी स्वतंत्रपणे होते, हे खरे; पण बुरशी डोळ्यांना दिसेपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते.

पंचमहालचा विसरलेला धडा

ओलावलेल्या धान्याचे परिणाम केवळ चवीपुरते वा वासापुरते असते, तर या विषयावर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी धरली होती आणि तिच्यापासून तयार झालेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष यकृतावर घाला घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटातील पदार्थांत केला आहे. हेपटायटिस-बीची लागण असलेल्यांना तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो.

भारताने याचे भीषण रूप १९७४ मध्ये पाहिले. गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासीबहुल भागांत मक्याच्या काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला. भिजलेला मका पुरेसा न वाळवताच साठवला गेला आणि काही आठवड्यांत गावोगावी कावीळ व जलोदराचे रुग्ण दिसू लागले. शंभराहून अधिक माणसे दगावली. तेच अन्न खाणारी गावातील कुत्रीही त्यातून सुटली नाहीत. मका खराब झाला आहे, हे खाणाऱ्यांना दिसत नव्हते असे नाही. त्यांच्याकडे दुसरे धान्य नव्हते.

त्यानंतर १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी आणि अतिसाराची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा संबंध फ्युमोनिसिन या दुसऱ्या बुरशीजन्य विषाशी जोडला. दोन्ही घटनांमधील समान दुवा स्पष्ट आहे. काढणीच्या वेळचा पाऊस, वाळवणीची सोय नसणे आणि ते धान्य टाकून देण्याची ऐपत नसणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या, की आपत्ती घडते.

आज अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने धान्यातील एकूण अफ्लाटॉक्सिनसाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा ओलांडलेले धान्य शिजवून सुरक्षित होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेला हे विष दाद देत नाही. धुऊन, वाळवून, दळून पोळी केली, तरी त्याचा बहुतांश भाग ताटात येतोच.

शहरी वाचकाला हा प्रश्न गावाकडचा वाटण्याची शक्यता आहे. पण खराब झालेले धान्य आणि पेंड यांची शेवटची वाट बहुधा गोठ्याकडे जाते. जनावराच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा एक भाग रूप बदलून दुधात उतरतो. प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते.  ओलावलेल्या पेंडीतून दुधाच्या पिशवीपर्यंत पोहोचणारा हा मार्ग मात्र दुर्लक्षितच राहिला.

शेतकऱ्याला एक न्याय, कोठाराला दुसरा

आपल्या खरेदी व्यवस्थेला ओलाव्याचे महत्त्व कळत नाही, असे म्हणता येणार नाही. किंबहुना शेतकऱ्याच्या बाबतीत ती कमालीची दक्ष असते. सरकारी खरेदीत गव्हासाठी १२ टक्के ओलाव्याची अट आहे. त्यापुढे १४ टक्क्यांपर्यंत किंमत कापली जाते आणि त्याहून ओला गहू नाकारला जातो. धानासाठी ही मर्यादा १७ टक्के, तर सोयाबीनसाठी १२ टक्के. परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याला यंत्रावरचा एक आकडा परत पाठवू शकतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सोयाबीनचा प्रश्न राज्यात ऐरणीवर आला होता. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारातील दर त्याखाली होते आणि ओलाव्याच्या अटीमुळे हमीभावाचे दार अनेकांना बंद होते. तेव्हा केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दिलासा योग्यच होता. पाऊस त्याने पाडलेला नव्हता. परंतु सवलतीच्या आदेशाने ओल आटत नाही. ती शेतकऱ्याच्या खळ्यावरून गोदामात जाते, इतकेच. १५ टक्के ओलाव्याचे तेलबी स्वीकारायचे, तर खरेदी केंद्राच्या शेजारी ते वाळवणारे यंत्रही हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर परिसराला अतिवृष्टी व पुराने झोडपले, तेव्हा काढणीच्या तोंडावरचे पीक पाण्यात गेले. काढणीच्या वेळी येणारा पाऊस हा आता अपवाद मानून चालणार नाही. वाळवणीची सोय ही आपत्कालीन सवलत न राहता खरेदीचा नेहमीचा भाग व्हायला हवी.

एकदा धान्य कोठारात गेले, की ओलाव्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तितक्या कठोरपणे विचारला जात नाही. तपासण्या होतात, नोंदी होतात; पण शेतकऱ्याच्या मालाची किंमत जशी जागच्या जागी कापली जाते, तसा लगेच भोगावा लागणारा परिणाम तेथे दिसत नाही. साखळीच्या अखेरच्या टोकाला असलेल्या रेशन कार्डधारकाच्या हातात तर कोणतेही यंत्र नसते. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी देशातील सुमारे ८१ कोटी लोकांना मोफत धान्य देण्याची योजना सुरू आहे. महाराष्ट्रातील सुमारे सात कोटी नागरिक अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेत येतात. फुकट मिळालेल्या धान्याला कुबट वास येतो, अशी तक्रार करणे गरिबाला अवघड जाते. ‘फुकट मिळतेय ना?’ हा प्रश्न त्याचे तोंड बंद करायला पुरेसा असतो.

या संदर्भात २०१० मधील घटनाक्रम आठवावा असा आहे. उत्तरेत उघड्यावर साठवलेला गहू कुजत असल्याच्या बातम्या येत असताना न्यायमूर्ती दलवीर भंडारी व दीपक वर्मा यांच्या खंडपीठाने ऑगस्टमध्ये धान्य सडवण्यापेक्षा ते भुकेल्यांना द्यावे, असे बजावले. तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी ती सूचना असल्याचे म्हटल्यावर, तो आदेशच होता, असे न्यायालयाने महिनाअखेरीस स्पष्ट केले. पुढे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी न्यायालयाने धोरणाच्या क्षेत्रात शिरू नये, अशी भूमिका मांडली. अधिकारक्षेत्राचा हा वाद रंगला खरा. पण धान्य मुळात कुजले का, हा साधा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. जोत्यावर थप्प्या रचून काळ्या प्लास्टिकने झाकायची पद्धत पावसापासून बचाव करते, तशीच आतली वाफ कोंडूनही ठेवते. उघडीप मिळताच आच्छादन काढून साठ्याला हवा दिली नाही, तर थप्पी आपल्याच घामात भिजते. ही पद्धत बंद करावी, अशी शिफारस शांताकुमार समितीनेही २०१५ मध्ये केली होती.

केवळ भिंती बांधून भागेल?

केंद्राने ३१ मे २०२३ रोजी सहकार क्षेत्रात धान्य साठवणुकीची एक महत्त्वाकांक्षी योजना मंजूर केली. पाच वर्षांत ७०० लाख टन नवी क्षमता आणि सुमारे एक लाख कोटी रुपयांचा खर्च असे तिचे स्वरूप आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ११ राज्यांतील प्राथमिक सहकारी संस्थांमधील प्रायोगिक गोदामांचे उद्घाटन झाले. त्यांत अमरावती जिल्ह्यातील एका संस्थेचाही समावेश होता. देशाचे धान्य उत्पादन ३१ कोटी टनांच्या घरात आणि साठवणूक क्षमता त्याच्या निम्म्याहूनही कमी, ही त्यावेळी मांडलेली आकडेवारी पाहता योजनेची गरज वादातीत आहे. गावाजवळ गोदाम असेल, तर वाहतूक वाचेल आणि पडत्या भावात माल विकण्याची शेतकऱ्यावरील सक्तीही कमी होईल.

प्रश्न क्षमतेच्या आकड्यापलीकडचा आहे. गोदामाच्या चार भिंती व छप्पर म्हणजे साठवणूक नव्हे. वाळवण यंत्र, साठ्याच्या गाभ्यातील तापमान टिपणारी साधने, हवा खेळवण्याची सोय आणि ती कधी चालवायची व कधी बंद ठेवायची हे जाणणारा प्रशिक्षित माणूस, या गोष्टी त्यात नसतील, तर आपण फक्त बुरशीसाठी पक्के घर बांधू. पंख्याने हवा सोडणे हाही सर्वत्र लागू पडणारा तोडगा नाही. पंजाबच्या कोरड्या उन्हाळ्यात जी हवा धान्य वाळवते, तीच कोकणातील जुलै महिन्यात त्याला भिजवू शकते.

गंमत म्हणजे या शास्त्राचा एक भाग आपल्या पूर्वजांना अनुभवाने ठाऊक होता. जमिनीत खोल खणलेली पेवे धान्याने भरून तोंड लिंपले, की आतील प्राणवायू दाण्यांच्या आणि किडींच्या श्वसनातच संपून जाई व कीड गुदमरून मरे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे याच तत्त्वावर वापरली जात. २००५ च्या महापुरात त्यांतील अनेकांत पाणी शिरले. आजच्या बहुपदरी हवाबंद पिशव्या म्हणजे त्या पेवाचीच सुटसुटीत आवृत्ती. मात्र पेव असो वा पिशवी, अट एकच: आत जाणारा माल आधी खडखडीत वाळलेला हवा.

घरातील दक्षता

स्वयंपाकघरालाही हाच नियम लागू पडतो. वर्षाचे धान्य एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरण्याची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. गच्चीची सोय नसलेल्या घरांनी वर्षाऐवजी महिन्याचाच साठा करणे अधिक शहाणपणाचे. एरंडेलाचा हात किंवा कडुलिंबाचा पाला काही किडींना अटकाव करतो. तो ओलीवरचा उपाय नव्हे. ओला चमचा डब्यात घालणे, डबे बाहेरच्या दमट भिंतीला टेकवून ठेवणे आणि जुन्या धान्यावरच नवे ओतणे टाळावे. गोळे झालेले, रंग बदललेले वा कुबट वासाचे धान्य, दाणे आणि पीठ निःसंकोच टाकून द्यावे. ते गाई-म्हशींनाही घालू नये. धुरीच्या गोळ्या तर घरात कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो आणि त्या हाताळण्याची परवानगी केवळ प्रशिक्षितांनाच आहे.

नागरिक आपला डबा सांभाळू शकतो. कोठार सांभाळण्याचे काम मात्र शासनाचेच आहे. शेतकऱ्याच्या पोत्यात खुपसले जाणारे आर्द्रतामापक गोदामातून माल निघताना आणि रेशन दुकानात उतरतानाही तितक्याच काटेकोरपणे वापरले गेले व तो आकडा ग्राहकाला दिसेल असा फलकावर लिहिला गेला, तर त्यासाठी नव्या कायद्याची वा लाख कोटींची गरज भासणार नाही. तोवर पोत्याच्या शिवणीवरून धावणारा तो दोन मिलिमीटरचा आगंतुक आपले काम करीतच राहील. त्याची साक्ष नोंदवायची की त्यावर धुरी सोडायची, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.